तिचं गोत

गाडीत अनोळखी माणूस बसवायचा न्हाई हा माझा नियम, आणि तो मी कधी मोडला न्हाई. ती पोरगी मी बसवली नव्हती. ती आपली आपण बसली होती.

सन दोन हजारचा उन्हाळा. हिंगोली जिल्हा होऊन वर्ष होत आलं होतं. माझी टाटाची चारशे सात गाडी होती, वसमतच्या मोंढ्यातून हळद भरायची, सांगलीला उतरवायची, येताना तिकडून गूळ आणायचा. सोलापूर सोडल्यावर एका ढाब्यावर चहाला थांबलो तर ताडपत्रीची दोरी ढिली दिसली. वर चढलो, ताडपत्री उचलली, आणि गुळाच्या ढेपांमधी एक बाई बसलेली! बाई कसली, वीस-एक वर्षांची पोरगी. अंगावर कुणाचा तरी ढगळ झंपर, पायात काही न्हाई, मनगटाला काळा वळ, आणि दोन्ही हात कानांवर.

मी घाबरलो. आणि घाबरलो की माझं तोंड सुटतं. मराठीत शिव्या दिल्या, हिंदीत दिल्या. "उतर खाली! पोलिसाचं लफडं लावती का माझ्या मागं?" ती हलंना. मग वैतागून मी आमच्या गोरमाटी बोलीत एक हासडली, आमची याडी मला रोज देती ती. आमच्यात आईला याडी म्हणतात. तशी ती पोरगी वळली. कानावरचे हात खाली आले. तहानलेलं जनावर हौदाकडं बघतं तशी माझ्या तोंडाकडं बघत राहिली.

मग मला तिच्या हातावरचं गोंदण दिसलं. लहानपणी गोंदलेलं, अंग वाढलं तसं पसरलेलं. म्हणलं, आरं, ही तर आपल्यातली हाय. बंजाऱ्याची पोर!

"कोणता तांडा तुझा? बापाचं नाव काय? गोत काय?" मी विचारत गेलो, ती नुसती बघत गेली. ओठ हलायचे, आवाज न्हाई. ढाब्यावर सोडून जावं असं मनात आलं, खोटं कशाला बोलू. पण ढाब्यावरची माणसं तिच्याकडं ज्या नजरेनं बघून राहिली होती, ती मला पसंत पडली न्हाई. पुढं केबिनमधी बसवलं. काच वर केली की तिचा श्वास चढायचा, म्हणून काच खाली. लातूर गेलं, नांदेड गेलं, पण दाराच्या कडीवरचा हात काही तिनं काढला न्हाई.

आमचा तांडा शिरड शहापूरच्या मागं, माळाला. याडी अंगणात शेळीला पाला टाकत होती. तिचं नाव जमनाबाई, पण तांड्यातली माणसं तिला माघारी तोफ म्हणतात. तिनं पोरीला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"बायको आण म्हणून दहा वर्सं डोकं फोडून राहिले, तर हा गुळाच्या ढेपंसंगं मुकी पोरगी घेऊन आला! कुणाची हाय ही?"

"मला काय माहीत?"

"काहून आणली मग?"

"ढाब्यावर टाकून येऊ?"

याडी तावातावानं घरात गेली आणि भाकर घेऊन आली. तिचं सगळं असंच. आधी तोंड, मग भाकर. आम्ही घरात गोरमाटीच बोलतो, तुमाला समजावं म्हणून मराठीत सांगून राहिलो.

पहिल्या रातीलाच कळलं, की पोरीला बंद दार चालत न्हाई. याडीनं दार लावलं तशी ती पत्र्यावर नखं ओढायला लागली. बाहेर झोप म्हणलं तर बाहेर भ्यायची. दुसऱ्या दिवशी याडीनं मला हुकूम केला, "पाना घे, दार काढ." मी म्हणलं, "याडी, दारच काढलं तर कुत्री शिरतील." "शिरू दे. मी हाय हाकलायला." घराचं पत्र्याचं दार बिजागऱ्यांसकट निघालं आणि गोठ्याला टेकून उभं राहिलं. शेळ्यांची मजा झाली. त्या सरळ आत येऊन आमच्या पीठ-मिठात तोंड घालायच्या, आणि याडी पोरीवर ओरडायचं सोडून शेळ्यांवर ओरडायची.

हळूहळू पोरगी सावरायला लागली. शेळ्यांमागं माळावर जायला लागली. पोटभर खायला लागली. मी फेरीवरून आलो की बादली घेऊन गाडीची काच पुसायची. मी गाडीखाली पडून इंजिनाला शिव्या द्यायचो, आणि एकदा वर बघितलं तर ती हसून राहिलेली. आवाज न्हाई, पण हसून राहिलेली!

माझी एक सोयरीक ठरून मोडली होती, ती माझ्या तोंडापायीच. होणाऱ्या सासऱ्याला भर बैठकीत खडूस म्हणलो होतो. तसा मी बडबड्या माणूस. रस्त्यात काय झालं, सांगलीच्या हमालानं काय म्हणलं, कोणत्या घाटात काय दिसलं, सगळं तिच्यापुढं सांगत बसायचो. ती गुडघ्याला मिठी मारून ऐकायची. जल्मात माझं इतकं कुणी ऐकलं नव्हतं. तिथंच मी फसलो. सरळ सांगतो, मला ती आवडायला लागली. अशी आवडली, की सांगलीहून परतीचा रस्ता मला लांब वाटायला लागला. दया वगैरे काही नव्हती ती. मला ती माझ्या घरात पाहिजे होती, माझी म्हणून.

आमच्या तांड्याचे नाईक नेमसिंग. तांड्याचा न्यायनिवाडा नाईक करतो, त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी मला बोलावलं.

"फुलसिंग, ठाण्यात कळवलं का?"

कळवलं होतं. जमादार भला माणूस होता. पण त्याची वर्दी बघून पोरगी टेबलाखाली शिरली, तेव्हा तोच म्हणाला, घरचे शोधा, बोलायला लागली की घेऊन या.

"मग शोध," नाईक म्हणाले. "कुणाची लेक अशी तांड्यात ठेवता येत न्हाई. पेरणीच्या आत तिचं माणूस शोध."

मी धीर करून म्हणलं, "नाईक, मलाच करून द्या ना."

नाईक म्हणाले, "गोत सांग तिचं."

इथंच तर माझी गाडी अडली होती. आम्ही राठोड. आमच्यात एका गोताची पोरं-पोरी म्हणजे भाऊबहीण, मग एकमेकांचं तोंड कधी बघितलेलं का नसंना. ती राठोड निघाली असती तर संपलंच. पवार, चव्हाण, आडे, दुसरी कुणीही निघाली तर माझी. पण गोत ठाऊक तिला, आणि ती बोलंना.

मग आम्ही निघालो. मधी याडी, खिडकीशी पोरगी. फेऱ्या बंद ठेवून मी तांडे पालथे घातले. औंढ्याकडचे झाले, कळमनुरीकडचे झाले. जाईन तिथं तेच. गाडी थांबली की माणसं जमायची, म्हातारे पोरीचं तोंड निरखायचे, बाया गोंदण बघायच्या आणि मान हलवायच्या. "आमची न्हाई भाऊ." मला प्रत्येक ठिकाणी दोन्ही वाटायचं. वाटायचं सापडावं, आणि वाटायचं सापडूच नये.

कळमनुरीच्या पुढं एका तांड्यात याडीची मावसबहीण निघाली. दोघी कितीक वर्सांनी भेटल्या. आमच्या बायांची रीत तुमाला ठाऊक नसंल तर सांगतो. त्या भेटल्या की राम राम करत न्हाईत. एकमेकीच्या गळ्यात पडतात आणि मोठ्यानं सुरात रडतात. रडता रडता सगळं सांगतात, कोण मेलं, कुणी छळलं, काय सोसलं. मधी कुणी बोलायचं न्हाई. बाप्यांनी बाजूला उभं राहायचं. रडून झालं की डोळे पुसायचे, मग पाणी, मग तंबाखू. याडी आणि तिची बहीण अशा रडल्या, की झाडावरची पाखरं उडाली. आणि थोड्या वेळानं दोघी कुणाची शेळी किती दूध देती त्यावर हसून राहिलेल्या.

पण मी पोरीकडं बघत होतो. ती खाली उतरून त्या दोघींच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली होती. तिचे हात अंगापासून सुटले होते. गळ्याची शीर हलून राहिली होती.

परत निघालो तेव्हा याडी म्हणाली, "फुल्या, हिचं बोलणं न्हाई अडकलं. रडणं अडकलंय. ते निघालं की बोलणं आपोआप येतं."

"मग घे की तूच गळ्याशी."

"मी घेतलं तर आपल्या रीतीनं ती माझी लेक झाली, तुझी बहीण. सासूच्या गळ्यात पडून कोण रडतं रे? ते माहेरचं रडणं हाय. मग तू काय करशील?"

याडीला सगळं ठाऊक होतं तर. मी गियर टाकला आणि म्हणलं, "तिचं माणूस सापडू दे. तिची आई घेईल गळ्याशी."

"तेच म्हणते मी," याडी म्हणाली.

मग राहिला सेनगावचा पट्टा. साखरा गावाच्या पलीकडं एका तांड्याकडं वळलो, कच्चा रस्ता, दोन्ही बाजूंनी कापून नेलेली वावरं. पोरगी एकदम ताठ झाली. गाडी चालू असतानाच तिनं दार उघडलं! मी करकचून ब्रेक दाबला, शिवी घशातच राहिली. ती उतरली आणि चालायला लागली, आमच्याकडं न बघता, अनवाणी. मी गाडी हळूहळू तिच्या मागं नेली. तांड्यात शिरून डावीकडं वळली, हातपंप ओलांडला आणि एका जागी थांबली. तिथं घर नव्हतं. मातीचा ढीग होता, आणि त्यावर कुणाचं तरी सरपण रचलेलं.

माणसं जमली. पुनमचंद नावाचे एक म्हातारे काठी टेकत आले. पोरीच्या तोंडाकडं बघितलं, मग तिचा हात धरून गोंदण बघितलं, आणि त्यांची काठीच गळून पडली.

"ही तर शिला. आपल्या थावऱ्याची शिला!"

मी उतरून त्यांना खाली बसवलं. त्यांनी सांगितलं ते असं. थावऱ्या मेल्यावर त्याची बायको लहानगीला घेऊन टोळीसंगं ऊस तोडायला गेली. तिकडं फडात तापाची साथ आली. बाई मेली. पोरगी पण त्यातच मेली असा निरोप आला. इथं दोघींचं तेराव्याचं जेवण घातलं. चुलते तर आधीच गेले होते, सख्खं असं कुणी उरलं न्हाई.

"थावऱ्याचं गोत काय?" मी विचारलं.

"पवार," म्हातारे म्हणाले. "आम्ही समदे पवार."

पवार! माझ्या मनात काय झालं ते कसं सांगू. एका पोरीचं सगळं घर मातीत गेलेलं, ती समोर त्या ढिगापुढं उभी, आणि माझ्या काळजात वाजंत्री वाजून राहिली होती. राठोडाला पवाराची मुलगी बराबर चालती. आत्ताच म्हाताऱ्याच्या पाया पडून मागणी घालावी असं वाटलं.

तेवढ्यात शिला वळली. तिला बायांचा घोळका दिसला. तिच्याच तांड्याच्या बाया, भावकीतल्या चुलत्या, मावश्या, ज्यांच्या मांडीवर ती खेळली असंल. तिनं दोन्ही हात वर केले. गळ्यात पडायला करतात तसे. आणि थांबली, कोण पुढं येतं बघत.

कुणी आलं न्हाई. बायांनी तोंडाला पदर लावले आणि एक पाऊल मागं सरकल्या. त्यांचंही काय चुकलं? जिचं तेरावं जेवल्या, ती उन्हात समोर उभी. भ्याल्या बिचाऱ्या. एक म्हातारी तर देवाचं नाव घ्यायला लागली. शिलाचे हात तसेच वर राहिले. तोंड उघडलेलं, आवाज न्हाई. मला बघवंना. वाटलं, आता ही पोरगी खाली पडंल, आणि पडली तर परत उठायची न्हाई.

माझ्या मागं केबिनचं दार वाजलं. याडी उतरली. मी तिला आडवा होतो, तिनं मला हातानं बाजूला केलं. माझ्याकडं बघितलं पण न्हाई. सरळ जाऊन शिलाला गळ्याशी धरलं आणि पहिला सूर लावला, "मारी बेटी ये..."

आणि शिला फुटली.

तसलं रडणं मी परत ऐकलं न्हाई, ऐकायची इच्छा पण न्हाई. आधी नुसता आवाज, शब्द न्हाईत. मग शब्द आले, लहान लेकराच्या गोरमाटीत, कारण तिची बोली त्या वयातच थांबली होती. "याडी ये, तुला ताप आला, तू उठलीच न्हाई ये. तो माणूस म्हणाला, चल, लेकीवाणी ठेवतो ये. घरात नेलं, दार लावलं ये याडी. भांडी मी घासली, लेकरं त्याची मी सांभाळली, दार न्हाई उघडलं ये. आपल्या बोलीत बोलले तर चटका दिला ये. मी मोठी झाले, मग काय झालं ते कुणाला सांगू ये याडी. ते मयतीला गेले, कडी घालायची राहिली. बाहेर गाडी उभी होती, मी चढले ये. तू कुठं होतीस ये याडी, इतके दिवस तू कुठं होतीस..."

आणि माझी याडी, जिनं त्या पोरीला तीन महिन्यांपूर्वी पहिल्यांदा बघितलं, ती रडत सांगत होती, "मी इथंच होते ये बेटी, तुझीच वाट बघत होते ये."

पुनमचंद डोळे पुसत होते. मग एक चुलती पुढं आली, मग दुसरी. सगळ्या बाया त्या दोघींना बिलगल्या. मी गाडीच्या चाकाशी खाली बसलो. माझ्या पण डोळ्यांतून पाणी चाललं होतं, पण माझं पाणी सगळं तिच्यासाठी नव्हतं. अर्धं माझ्यासाठी होतं.

परतीला मी याडीशी बोललो न्हाई. रागानं डोकं भणभणत होतं. पवार निघाली होती, आरं! दोन घटका कळ काढली असती तर! शिला याडीच्या खांद्यावर डोकं टाकून गाढ झोपली होती. धूळ येत होती म्हणून याडीनं काच वर केली, तरी ती उठली न्हाई. सेनगाव मागं पडल्यावर याडी हळूच म्हणाली, "मला शिव्या दे, पण बोल."

"विचारायचं तरी मला."

"विचारलं असतं तर तू न्हाई म्हणला असता का?"

रस्ता मोकळा होता, तरी मी हॉर्न वाजवला.

तांड्यात आलो तेव्हा नाईक पिंपळाच्या पारावर बसले होते, संगं चार जाणती माणसं. याडीनं सगळं सांगितलं. शिला तिच्या पदराचं टोक मुठीत धरून उभी होती. नाईकांनी ऐकून घेतलं आणि मला जवळ बोलावलं. खालच्या आवाजात म्हणाले, "फुलसिंग, मी आंधळा न्हाई. पोरगी पवाराची हाय. तुझी याडी रडली ती दयेनं रडली, नात्यानं न्हाई, असं मी पंचात म्हणू शकतो. माझा शब्द कुणी मोडणार न्हाई. मग ती सून म्हणून तुझ्या घरात येईल. तुझी मर्जी सांग."

मला वाटलं पाया पडावं त्यांच्या. खरंच वाटलं. होकार ओठांवर आला होता. मग मी शिलाकडं बघितलं. नाईक काय बोलले ते तिला ऐकू गेलं होतं. तिनं माझ्याकडं बघितलं न्हाई, नाईकांकडं बघितलं न्हाई. ती याडीकडं बघत होती, आणि मुठीतला पदर तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. आत्ताच कुठं तिला आई मिळाली होती. मी हो म्हणलो असतो तर चार माणसांसमोर ठरलं असतं, की ही तुझी आई न्हाई, ती नुसती दया होती. तिची आई एकदा मेलीच होती. आता मी अजून एकदा मारणार होतो का, माझ्या लग्नासाठी?

"नाईक," मी मोठ्यानं म्हणलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "याडी नात्यानं रडली. ही माझी बहीण हाय."

याडीनं तोंड फिरवलं. नाईकांनी मान हलवली, म्हणाले, "झालं मग." झालंच ते.

जमादारानं पुढं शिलाचं म्हणणं लिहून घेतलं. तो माणूस तोवर घर सोडून पळाला होता, बरीच वर्सं केस चालली. पण ते पुढचं. त्या दिवशी संध्याकाळी मी अंगणात जेवायला बसलो. भूक नव्हती, पण याडीनं बघू नये म्हणून खात होतो. शिला भाकरीचं टोपलं घेऊन आली, माझ्यासमोर बसली, आणि बोलली. माझ्याशी बोललेली तिची ती पहिली गोष्ट. तीन महिने मी तिच्या तोंडातून एक शब्द ऐकायला तळमळलो होतो. आवाज किती गोड होता तिचा.

"भाऊ," ती म्हणाली, "अजून अर्धी घालू?"

"घाल," म्हणलं.